अदबशीर लिफ्ट

लिफ्टचं दार बंद होत नव्हतं, कारण सरांचं वाक्य अजून संपलं नव्हतं.

आत माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. दातांच्या डॉक्टरांकडे निघालेला एक पेशंट गाल धरून होता. विमा कार्यालयातल्या बाई उशीर झाला म्हणून सारखं घड्याळ बघत होत्या, आणि दुसऱ्या मजल्यावरचे वकील नेहमीप्रमाणे फोनवर कुणाला तरी “पोचलोच समजा” असं सांगत होते. तेवढ्यात छतातल्या बारीक जाळीतून तो आवाज आला. खोल, सावकाश, जरासा खरखरीत.

“ओ दाऊ हू एंटरेस्ट हिअर, ॲडव्हान्स इनवर्ड, अँड ग्रांट दाय नेबर रूम टु ब्रीद.”

आत येणाऱ्या हे जीवा, पुढे सरक आणि शेजाऱ्याला श्वास घ्यायला जागा दे, एवढाच त्याचा अर्थ. पण अर्थ कुणाला कळतोय! वकिलांनी फोन हळूच कानावरून काढला. पेशंटने गाल सोडला. विमावाल्या बाईंनी घड्याळ बाहीखाली लपवलं, जणू काही वेळ बघणं हा गुन्हाच होता. मग कुठे दार मिटलं, “लो, दाऊ आर्ट लिफ्टेड अप”, म्हणजे बघ, तू वर निघालास, असं त्या आवाजाने जाहीर केलं आणि लिफ्ट वर निघाली. दुसरा मजला येईपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. वकील उतरले तेव्हा त्यांनी मागे वळून, कुणीही नसलेल्या जाळीकडे बघून मान झुकवली.

तळमजल्यावर जिन्यापाशी उभा राहून एक माणूस त्या मिटलेल्या दाराकडे धास्तावून बघत होता. ही लिफ्ट त्याने बसवली होती. सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत. आजवर त्याने दुसऱ्यांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या होत्या. स्वतःच्या नावावर बसवलेली ही पहिलीच. पण त्याला धास्ती लिफ्टची नव्हती. आवाज सासऱ्यांचा होता, धास्ती त्यांची होती.

सासरे म्हणजे सर. उभं आयुष्य शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. लिफ्टवाला त्यांचाच विद्यार्थी. त्या काळी सर त्याला ‘अरे’ म्हणत, ‘तू’ म्हणत, फारच प्रेम उतू गेलं तर ‘गाढवा’ म्हणत. पुढे या गाढवाने सरांच्याच मुलीशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून सर त्याला ‘आपण’ म्हणू लागले. “आपण बसावं.” “आपण चहा घेणार का?” “आपला व्यवसाय बरा चाललाय ना?” मराठीत माणसाला दाराबाहेर उभं ठेवायचं असेल तर शिव्या द्याव्या लागत नाहीत, नुसतं ‘आपण’ म्हटलं की काम भागतं. भांडण नाही, तंटा नाही, तक्रार करावी तर कशाची? सासरे फार आदराने बोलतात, अशी? लिफ्टवाल्याला आयुष्यात फार काही नको होतं. सरांनी पुन्हा एकदा ‘अरे’ म्हणावं, ‘तू’ म्हणावं, एवढंच. आणि त्याच लोभापायी त्याने हा घाट घातला होता.

लिफ्टसोबत खोक्यातून एक तयार आवाज येतो. गोड गळ्याच्या कुणा बाईचा. तो लावला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण लिफ्टवाल्याच्या मनात आलं, सरांचा आवाज घ्यावा. निवृत्तीनंतर त्यांचं बोलणं ऐकायला उरलंय कोण? खूश होतील. एका संध्याकाळी तो कागद घेऊन गेला.

“सर, नव्या लिफ्टसाठी आवाज हवाय. इंग्रजीत. म्हटलं, तुमच्याइतका चांगला आवाज…”

“आपल्या लिफ्टला माझा आवाज? आपण भलताच मान देताय.”

“असं नका म्हणू, सर. एवढंच वाचायचंय.”

सरांनी चष्मा चढवला. “डोअर क्लोजिंग. फर्स्ट फ्लोअर. मूव्ह इनसाइड, प्लीज.” मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी तसा त्यांनी तो कागद लांब धरला. “हे कुणाला उद्देशून आहे?”

“लिफ्टमध्ये येणाऱ्या लोकांना.”

“लोकांशी असं बोलतात? असं ट्रक मागे घेताना बोलतात.”

सरांचं इंग्रजी तीन प्रकारच्या पुस्तकांवर पोसलेलं होतं: जुनी प्रार्थनांची पुस्तकं, जुन्या कवितांची पुस्तकं आणि उतारवयातल्या शहाण्या माणसांनी तरुणांना केलेल्या उपदेशांची जाडजूड पुस्तकं. त्यापुढचं इंग्रजी त्यांच्या मते भाषा नव्हतीच, ती नुसती घाई होती.

“जावईबापू, ‘यू’ आपण कुणाला म्हणतो? वर्गात बडबडणाऱ्या पोराला. ‘यू, स्टँड अप!’ आता सांगा, देवाला इंग्रजीत काय म्हणतात? दाऊ. राजाला? दाऊ. आणि कवी चंद्राला काय म्हणतो?”

“दाऊ,” लिफ्टवाला म्हणाला. शाळेत असताना त्याने कधी इतकं चटकन उत्तर दिलं नव्हतं.

“मग लिफ्टमध्ये येणारा माणूस चंद्रापेक्षा कमी आहे का?”

यावर लिफ्टचं काम करणाऱ्या माणसाने काय बोलावं? त्याने कागद परत घेतला, आणि सरांनी तीच संमती मानली.

मजकूर सरांनी स्वतः रचला. ध्वनिमुद्रण त्यांच्याच झोपायच्या खोलीत झालं. भिंतींना गाद्या टेकवून ठेवल्या होत्या, दाराबाहेर सरांची मुलगी म्हणजे लिफ्टवाल्याची बायको पहारा देत होती, आणि आत सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून, कपाटाकडे तोंड करून, येणाऱ्याजाणाऱ्या अज्ञात जिवांना संबोधत होते. मधे एकदा शिंक आली तर ते वाक्य त्यांनी पहिल्यापासून म्हटलं. शिंकेनंतर पुढे जाणं त्यांना अपमानास्पद वाटलं. स्वतःचा नव्हे, ऐकणाऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याने तो आवाज रिकाम्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा लावला आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. ग्रीस, वायरी आणि लोखंडी दोर यांच्यात आयुष्य काढलेला माणूस, पण त्याने हातातला पाना खाली ठेवला. सर जिथे जिथे ‘दाऊ’ म्हणत, तिथे तिथे त्याला वाटे, हे गर्दीला नाही, मला एकट्यालाच म्हणताहेत. असं कधी कुठल्या यंत्राने त्याला म्हटलं नव्हतं. खरं तर माणसांनीही फारसं नाही. तो तसाच उभा राहून सगळ्या सूचना ऐकत राहिला, अगदी वजन जास्त झाल्याची आणि लिफ्ट अडकल्याचीसुद्धा.

एकच अडचण होती. तयार आवाजाचे शब्द दोन-तीन, सरांची वाक्यं लांब. दार मिटलं की आवाज मधेच तुटे. “ग्रांट दाय नेबर…” आणि खाट्. पुढे शेजाऱ्याला काय द्यायचं ते कळतच नसे. सरांचं वाक्य तोडायची हिंमत शाळेत कुणाची झाली नव्हती, तर लिफ्टची कशी व्हावी? शेवटी लिफ्टवाल्याने असं काही केलं, जे त्याच्या धंद्यात कुणी करत नाही. त्याने पॅनेलमधली जोडणी बदलली. आवाज पूर्ण झाल्याशिवाय दारही हलणार नाही आणि मोटरही. सर बोलत असताना यंत्र हाताची घडी घालून उभं राहणार.

पहिले काही दिवस इमारतीत नुसतं कौतुक चाललं होतं. लोक लिफ्टमध्ये शिरताना आवाज खाली आणत. भाडेपट्ट्यावरून एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ वकिलांकडे जायला निघाले, दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचले आणि दार उघडल्यावर उतरायचं सोडून तसेच परत खाली आले. वकिलांचं तर फारच नुकसान झालं. त्या आवाजाखाली उभं राहून त्यांना खोटं बोलता येईना. “अजून घरातून निघालोच नाही,” असं एकदा ते फोनवर खरंखुरं बोलून गेले आणि स्वतःच दचकले. तिसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्या बाई तर आपल्या सासूबाईंना मुद्दाम घेऊन आल्या. त्या दोघी वर गेल्या, खाली आल्या, परत वर गेल्या. “काय म्हणतात हो ते?” सासूबाईंनी विचारलं. “कळत नाही,” सूनबाई म्हणाल्या, “पण आपल्यालाच म्हणतात.” सासूबाईंनी डोळे पुसले.

आता एवढं ऐकायला मिळतंय म्हटल्यावर गर्दी व्हायचीच, आणि गर्दी झाली की वजन जास्त व्हायचंच. तेव्हा लिफ्ट म्हणे, “ये आर टू मेनी. लेट द नोबलेस्ट स्टेप आउट.” चौथ्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या मास्तरीणबाईंनी याचा अर्थ एकदा सगळ्यांना सांगितला: तुम्ही फार जण आहात, तुमच्यातला जो सर्वांत थोर असेल त्याने बाहेर पडावं. झालं! एरवी वजनाची घंटा वाजली की सगळे छताकडे बघत उभे राहतात. इथे सगळेच्या सगळे बाहेर पडू लागले. लिफ्ट रिकामी वर जायची आणि खाली दाराशी वाद रंगायचा.

“मी उतरलो होतो ना, तुम्ही कशाला उतरलात?”

“का? आम्ही थोर नाही?”

इमारतीचे सेक्रेटरी तर रोजच उतरू लागले. जिना चढून घामाघूम होऊन चौथ्या मजल्यावर पोचायचे आणि कुणी विचारण्याची वाट न बघता सांगायचे, “काय करणार, माझा स्वभावच तसा.” दातांच्या डॉक्टरांना गुडघ्यामुळे जिना चढवेना, म्हणून ते बिचारे आतच राहत. तर लोक त्यांच्याकडे अशा नजरेने बघू लागले की त्यांचे पेशंट कमी झाले.

या सगळ्यावर कडी केली शिकवणीच्या मुलांनी. परीक्षेत मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहायचा होता. झाडून सगळ्यांनी सुरुवात केली, “ओ दाऊ हू सिटेस्ट इन द ऑफिस.” मास्तरीणबाई तणतणत सेक्रेटरींकडे आल्या, दातांचे डॉक्टर आधीच येऊन बसले होते, आणि रांगेत उभं राहून कावलेली सगळी मंडळी मागून आली. सेक्रेटरींनी लिफ्टवाल्याला बोलावलं.

“हे बघा, आवाज छान आहे. मला स्वतःला फार मानवतो. पण बदला.”

“साहेब, तो माझ्या सासऱ्यांचा आहे.”

“मग त्यांना सांगा. तपासणीला सरकारी बाई येणार आहेत. त्या फार कडक आहेत म्हणे. लिफ्ट नापास झाली तर तुम्हीही जिन्याने आणि आम्हीही जिन्याने.”

लिफ्टवाला घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

“तू सांग ना तुझ्या बाबांना,” तो बायकोला म्हणाला.

“मी? मला ते ‘तू’ म्हणतात. माझं कशाला ऐकतील? तुला ‘आपण’ म्हणतात, निदान ऐकून तरी घेतील.”

“ऐकून घेतील, आणि मग जन्मभर ‘आपण’च म्हणतील.”

“हो,” ती म्हणाली. तिला नवऱ्याची दया आली, पण उपाय तिच्याकडेही नव्हता.

तो धीर करून गेला. सर खुर्चीत बसून शर्टाची बटणं तपासत होते. “बरं झालं आलात. तपासणीच्या वेळी मी जातीने हजर राहणार आहे. लिफ्ट आपली असेल, जावईबापू, पण परीक्षा माझ्या भाषेचीही आहे.” आणि मग, जरा खालच्या आवाजात, “निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतंय.” लिफ्टवाला नुसता चहा पिऊन परत आला.

तपासनीस बाई ठरल्या दिवशी आल्या. बुटक्या, चष्मेवाल्या, खांद्याला जड पिशवी. हसण्यासाठी त्यांना पगार मिळत नसावा. त्यांनी दोर बघितले, खड्डा बघितला, दाराच्या फटीत बोट घालून बघितलं. “आता सगळी बटणं तपासू. वर पॅनेलपाशी तुम्ही थांबा, आत मी जाते.”

“मीही येतो,” सर पुढे झाले. “आतला आवाज माझा आहे.”

लिफ्टवाला आणि सेक्रेटरी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेले. तिथे लिफ्टमधलं बोलणं ऐकू येणारा एक छोटा फोन भिंतीवर असतो, तो सेक्रेटरींनी चालू केला. खाली बाईंनी, लिफ्ट चालू असतानाच, सगळ्या मजल्यांची बटणं एकामागून एक दाबली, मग दाराचं दाबलं, मग धोक्याचं दाबलं. चांगली लिफ्ट याने गोंधळत नाही. पण ही अदबशीर लिफ्ट होती. एवढ्या सूचना एकदम रांगेत येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांतली एकही अर्धवट तोडायची नाही, असं तिला शिकवलेलं होतं. ती दोन मजल्यांच्या मधे थांबली आणि ऐकू लागली. मजला आल्याखेरीज मजल्याची सूचना पुरी होईना, आणि सूचना पुरी झाल्याखेरीज लिफ्ट मजल्यावर जाईना. लिफ्टवाल्याने स्वतःच्या हाताने मारलेली गाठ होती ती.

आत बाईंनी काही काळ वाट बघितली. मग त्यांनी सरांकडे मोहरा वळवला.

“हे तुम्ही लोकांना ‘दाऊ’ का म्हणता?”

“आदरार्थी.”

“आदरार्थी? सर, दाऊ म्हणजे ‘तू’.”

सर किंचित हसले. अडाणी विद्यार्थ्याला बघून हसावं तसं. “बाई, देवाला दाऊ म्हणतात.”

“देवाला आपणही तूच म्हणतो की! आमच्या शाळेत रोज इंग्रजीतून प्रार्थना असायची. मी बाईंना विचारलं होतं, देवाला हा वेगळा शब्द कशाला? त्या म्हणाल्या, फार जुन्या काळी घरातल्या माणसाला, लेकराला, दोस्ताला दाऊ म्हणायचे, आणि परक्या बड्या माणसाला यू. पुढे सगळ्यांनाच यू म्हणायला लागले. दाऊ राहिला तो प्रार्थनेत आणि कवितेत. जुना झाला म्हणून आपल्याला भारदस्त वाटतो, पण आहे तो घरातलाच.”

“अशक्य,” सर म्हणाले. आणि त्याच क्षणी लिफ्टमधला दिवा गेला. लिफ्ट बराच वेळ हलली नाही की दिवा आपोआप बंद होतो, वीज वाचावी म्हणून. पण सरांना ते कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटलं असावं, वरूनच निकाल लागला.

सरांच्या डोळ्यांसमोर आयुष्यभर वाचलेल्या सगळ्या प्रार्थना आणि सगळ्या कविता उलट्या फिरत होत्या. ज्या शब्दापुढे ते जन्मभर हात जोडून उभे राहिले, तो शब्द इतका वेळ त्यांना जवळ बोलावत होता. मग भानावर येऊन ते चाचरत म्हणाले, “म्हणजे मी आपल्याला… मघापासून…”

“अरे-तुरे करताय. हो.”

“क्षमा असावी.”

“असू द्या हो,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. “बरं वाटलं मला. ऑफिसात सगळे मॅडम म्हणतात.”

आणि तेवढ्यात, लिफ्ट फार वेळ अडकली की रांग मोडून पुढे येणारी, धोक्याची सूचना सुरू झाली.

“ओ दाऊ हू वेटेस्ट इन द डार्क, फ्रेट नॉट. दाऊ आर्ट नॉट फर्गॉटन. वन कमेथ.”

काळोखात थांबलेल्या जिवा, घाबरू नकोस, तुला कुणी विसरलेलं नाही, कुणीतरी येतंय. सरांनी हे स्वतः लिहिलं होतं, शिंक आल्यावर पुन्हा पहिल्यापासून म्हटलं होतं. पण आपलाच आवाज काळोखात वरून आपल्यालाच तू म्हणतोय, हे ऐकून त्यांनी भिंतीला हात लावला. इतका मोठा आवाज आणि इतका जवळचा. त्यांना तो स्वतःचा वाटेना. बाईंनी नकळत पिशवी छातीशी धरली होती.

“कोण येतंय, सर?” त्यांनी हळूच विचारलं.

“माझा जावई.”

“नक्की येईल?”

“येईल म्हणजे? येणारच.” सरांचा आवाज एकदम करडा झाला. “तो शाळेत असताना एखादी गोष्ट जमेपर्यंत जागचा हलायचा नाही. हट्टी आहे. माझ्या मुलीला मागणी घालायला आला, तेव्हा मी तोंडावर दार लावून घेतलं. दार उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिला. तो आलाच समजा.”

वर मशीनरूममध्ये सेक्रेटरींनी ब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी ओढून धरला होता, आणि लिफ्टवाल्याने हाताने लिफ्ट सरकवायचं चाक धरलं होतं. चाक फिरत नव्हतं, कारण फिरवणारा भिंतीवरच्या फोनकडे कान लावून पुतळ्यासारखा उभा होता.

“अहो, फिरवा की! माझे हात गळून पडतील!”

“हो, हो.”

“आणि रडताय काय?”

“ग्रीस गेलं डोळ्यात.”

त्याने चाक फिरवायला सुरुवात केली. लिफ्ट इंचाइंचाने खाली उतरली, मजल्याला लागली. तो जिना धडाधड उतरत गेला, किल्लीने दार उघडलं आणि धापा टाकत उभा राहिला. सर बाहेर आले. त्यांनी शर्ट खाली ओढून सारखा केला.

“आपण बराच वेळ लावलात, जावईबापू,” ते म्हणाले.

लिफ्टवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. ते बघायला सेक्रेटरी हजर नव्हते हे बरं, कारण ते अजून वर दांडा धरून उभे होते.

तपासनीस बाईंनी निकाल तिथेच सांगितला. दार आणि मोटर यांनी कुणाच्याही भाषणासाठी थांबायचं नाही. रोजच्या सूचना त्या खोक्यातल्या बाईच्या आवाजात. बाकी लिफ्ट पास. लिफ्टवाल्याने घाबरत सरांकडे बघितलं. सर शर्टाची बटणं तपासत होते.

“धोक्याची सूचना मात्र तीच ठेवा,” बाई पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या. “शब्द न बदलता.”

घरी जाताना सर शांतपणे चालत होते. कोपऱ्यावर ते थांबले. “मला आयुष्यभर वाटलं, मी आदर दाखवतोय.”

“कुणाला, सर?”

“सगळ्यांनाच,” सर म्हणाले आणि पुन्हा चालू लागले.

लिफ्ट आता इतर लिफ्टांसारखी झाली. दार झटकन मिटू लागलं, रांग मोडली, वकील पुन्हा बिनधास्त “पोचलोच समजा” म्हणू लागले. पण धोक्याची घंटा वाजायचं प्रमाण मात्र वाढलं. ती वाजली की थेट लिफ्टवाल्याचा फोन वाजे, आणि तो हातातलं काम टाकून धावत सुटे. बघतो तर लिफ्ट ठणठणीत, दिवा चालू, दार उघडं, आणि आत कुणीतरी मान खाली घालून उभं. विमावाल्या बाई म्हणत, “चुकून हात लागला.” दातांचे डॉक्टर म्हणत, “गुडघा लागला.” खटला हरलेले वकील काहीच म्हणाले नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, “चाचणी घेत होतो,” आणि नाक शिंकरलं. लिफ्टवाल्याने विचारणं सोडून दिलं. जाणं मात्र सोडलं नाही. आवाजाने शब्द दिला होता, कुणीतरी येतंय म्हणून. आता न जाऊन कसं चालेल?

एका दुपारी तो असाच धावत आला. लिफ्ट तळमजल्यावरच उभी होती. आत सर होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बोट अजून त्या लाल बटणापाशी.

“सर! काय झालं? अडकलात?”

“नाही.”

“मग? घंटा का वाजवलीत?”

सरांनी घसा साफ केला. बटणांकडे बघितलं, छतातल्या जाळीकडे बघितलं, आणि मग जावयाकडे न बघताच म्हणाले,

“काही नाही रे. म्हटलं, बघू, येतोस का.”